स्थानिक केंद्र, राज्यव्यापी जाळे : ‘डब्ल्यूसीएएल’च्या विलीनीकरणाचा धडा

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट ओलाफ महाविद्यालयाने ऑगस्ट २००४ मध्ये आपले ‘डब्ल्यूसीएएल’ हे नभोवाणी केंद्र विकण्याचा निर्णय जाहीर केला. खरेदीदार होती ‘मिनेसोटा पब्लिक रेडिओ’ ही राज्यभर पसरलेली सार्वजनिक नभोवाणी संस्था आणि किंमत होती १ कोटी ५ लाख डॉलर. विकणारी आणि विकत घेणारी, दोन्ही संस्था ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या होत्या. केंद्र सरकारच्या नियामक आयोगाने संमती दिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये हस्तांतर पूर्ण झाले. कागदोपत्री पाहता हा एक साधा, सरळ व्यवहार होता.

मात्र हे केंद्र तोपर्यंत ८२ वर्षांचे झाले होते आणि त्याच्या उभारणीत श्रोत्यांनी पाठविलेल्या देणग्यांचा मोठा वाटा होता. ज्या केंद्राला आपण पिढ्यान्पिढ्या पोसले, ते विकण्याचा अधिकार महाविद्यालयाला आहे काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या एका गटाने विचारला आणि तो न्यायालयापर्यंत नेला. स्थानिक केंद्र मोठ्या जाळ्यात सामील होते तेव्हा परवाना, प्रक्षेपण मनोरा आणि वारंवारता यांचे मोल ठरविता येते. श्रोत्यांनी दिलेला पैसा आणि ठेवलेला विश्वास कोणाच्या खात्यात जमा धरायचा, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवलेले नसते. ‘डब्ल्यूसीएएल’चे प्रकरण त्यामुळेच आजही अभ्यासण्याजोगे आहे.

आधी केंद्रे, मग जाळे

सार्वजनिक नभोवाणी म्हटले की भारतीय श्रोत्याच्या मनात आकाशवाणीचे चित्र उभे राहते. एक मध्यवर्ती संस्था आणि तिच्या मालकीची देशभरातील केंद्रे, अशी ती रचना आहे. अमेरिकेत नेमका उलटा क्रम आहे. तेथे आधी केंद्रे निर्माण झाली आणि जाळी नंतर विणली गेली. विद्यापीठे, महाविद्यालये, शाळा मंडळे, राज्य सरकारे आणि नागरिकांच्या ना-नफा संस्था यांनी आपापली केंद्रे स्वतंत्रपणे सुरू केली. एफएम पट्ट्यातील ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग अशा शैक्षणिक व बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आला आहे. या केंद्रांना व्यापारी जाहिराती प्रसारित करता येत नाहीत. साहाय्य देणाऱ्या आस्थापनाचा मर्यादित नामोल्लेख तेवढा करता येतो.

१९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारण कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यानुसार केंद्र सरकारचा निधी या केंद्रांना वाटण्यासाठी ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ हे महामंडळ स्थापन झाले. १९७० मध्ये ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ ही संस्था आकारास आली आणि मे १९७१ मध्ये तिचा ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ हा दैनंदिन वृत्तकार्यक्रम सुरू झाला. ही संस्था स्थानिक केंद्रांची मालक नाही. केंद्रे तिची सदस्य आहेत, तिचे कार्यक्रम शुल्क देऊन घेतात आणि उरलेला वेळ स्वतःच्या कार्यक्रमांनी भरतात.

पैशाची व्यवस्थाही त्यानुरूप आहे. वर्षातील काही ठरावीक दिवस निवेदक श्रोत्यांना वर्गणीचे आवाहन करतात. शेकडो, हजारो कुटुंबे लहानमोठ्या रकमा पाठवितात. कायद्याच्या दृष्टीने मात्र परवाना ज्या संस्थेच्या नावावर असतो, केंद्र तिचेच. वर्गणीदाराला ना मताचा अधिकार असतो, ना मालकीचा हिस्सा. केंद्र चालू असते तोवर ही विसंगती कोणाच्या लक्षातही येत नाही. केंद्र विकायला निघते त्या दिवशी ती एकदम समोर येते.

प्रयोगशाळेतून उमटलेला आवाज

नॉर्थफील्ड हे मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या दक्षिणेस सुमारे ६५ किलोमीटरवर वसलेले छोटे शहर आहे. तेथे १८७४ मध्ये नॉर्वेहून आलेल्या ल्यूथरपंथीय स्थलांतरितांनी सेंट ओलाफ या शिक्षणसंस्थेचा पाया घातला. १९१२ मध्ये एफ. मेलियस क्रिस्तियान्सेन यांनी स्थापन केलेल्या समूहगायनवृंदामुळे या महाविद्यालयाचे नाव अमेरिकेच्या संगीतविश्वात पोहोचले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात बिनतारी संदेशवहनाचे प्रयोग सुरू झाले. त्यातूनच १९२२ मध्ये ‘डब्ल्यूसीएएल’ला परवाना मिळाला. केंद्राच्या नावातील पहिले अक्षरही त्याच्या वयाची साक्ष देते. अमेरिकेत आज मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील केंद्रांची नावे ‘डब्ल्यू’ने आणि पश्चिमेकडील केंद्रांची ‘के’ने सुरू होतात. नॉर्थफील्ड नदीच्या पश्चिमेस असूनही त्याच्या वाट्याला ‘डब्ल्यू’ आले, कारण १९२३ च्या प्रारंभापर्यंत ही सीमारेषा आणखी पश्चिमेला होती. त्यापूर्वी परवाना मिळालेल्या केंद्रांनी जुने अक्षर कायम राखले.

१९२४ च्या सुमारास महाविद्यालयाने केंद्राच्या खर्चासाठी श्रोत्यांना हाक दिली आणि तिला प्रतिसाद मिळाला. श्रोत्यांच्या पाठबळावर चाललेले अमेरिकेतील हे पहिले केंद्र असे त्यामुळेच मानले जाते. ज्या पद्धतीवर पुढे देशभरातील सार्वजनिक नभोवाणी उभी राहिली, तिचे हे आरंभीचे उदाहरण होय.

मध्यम लहरींवर या केंद्राचा मुक्काम दीर्घकाळ ७७० किलोहर्ट्झवर होता. ही जागा त्याला मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘केयूओएम’ या केंद्राबरोबर वाटून घ्यावी लागे. काही तास एकाचे, काही तास दुसऱ्याचे, अशी ही वाटणी होती. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एफएमवर ८९.३ मेगाहर्ट्झ ही स्वतंत्र वारंवारता मिळाली आणि १९९१ मध्ये मध्यम लहरींवरील प्रक्षेपण थांबले. एफएमच्या जोरावर केंद्राचा आवाज जुळ्या शहरांत पोहोचू लागला. ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’च्या संस्थापक सदस्य केंद्रांत ‘डब्ल्यूसीएएल’चा समावेश होता. पाश्चात्त्य अभिजात संगीत, समूहगायन, महाविद्यालयाचा नाताळ संगीत महोत्सव आणि रविवारची प्रार्थना ही त्याची ओळख होती. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे चर्चपर्यंत जाऊ न शकणाऱ्यांना ही रविवारची प्रार्थना घरबसल्या ऐकता येई.

मठाच्या विद्यापीठातून पसरलेले जाळे

ज्या संस्थेने हे केंद्र विकत घेतले, तिचा जन्मही एका महाविद्यालयीन केंद्रातूनच झाला होता. मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथे बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंनी चालविलेले सेंट जॉन्स विद्यापीठ आहे. तेथे जानेवारी १९६७ मध्ये ‘केएसजेआर’ हे केंद्र सुरू झाले. विद्यापीठाचाच माजी विद्यार्थी असलेल्या विल्यम क्लिंग या तरुणाकडे त्याची सूत्रे होती. ग्रामीण भागातील एकट्या केंद्राला पुरेसे श्रोते आणि पुरेशा देणग्या मिळणे अवघड आहे, हे लवकरच ध्यानात आले. तेव्हा जुळ्या शहरांसाठी दुसरे केंद्र उभारण्यात आले. १९६९ मध्ये विद्यापीठाने हा सारा व्याप एका स्वतंत्र ना-नफा संस्थेकडे सोपविला. हीच संस्था १९७४ पासून ‘मिनेसोटा पब्लिक रेडिओ’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

क्लिंग यांनी पुढील चार दशके एक सूत्र सातत्याने राबविले. कार्यक्रम एका ठिकाणी उत्तम दर्जाचे तयार करायचे आणि ते शक्य तितक्या प्रक्षेपण केंद्रांवरून राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचवायचे, हे ते सूत्र होते. जुलै १९७४ मध्ये गॅरिसन कीलर यांचा ‘अ प्रेअरी होम कंपॅनियन’ हा कार्यक्रम सेंट पॉल येथील मॅकॅलेस्टर महाविद्यालयातून प्रथम थेट प्रसारित झाला आणि पाहता पाहता देशभर लोकप्रिय झाला. त्या कार्यक्रमाच्या चाहत्यांना वस्तू पाठविण्याचा छोटा उद्योग पुढे एवढा वाढला, की १९९८ मध्ये त्याच्या विक्रीतून १२ कोटी डॉलर आले. या रकमेने संस्थेच्या कायमनिधीला मोठे बळ मिळाले. १९९१ मध्ये संस्थेने जुळ्या शहरांतील ९९.५ मेगाहर्ट्झ ही व्यापारी वारंवारता विकत घेऊन ती अभिजात संगीताला दिली आणि ९१.१ मेगाहर्ट्झ वृत्तसेवेसाठी मोकळी केली. राज्यात व राज्याच्या सीमेलगत या संस्थेची चाळीसहून अधिक केंद्रे उभी राहिली.

या पार्श्वभूमीवर २००४ मधील व्यवहाराचा अर्थ स्पष्ट होतो. महाविद्यालयाच्या दृष्टीने नभोवाणी केंद्र ही शिक्षणाच्या मूळ कार्याबाहेरची जबाबदारी झाली होती. विक्रीतून आलेली रक्कम शिक्षणाच्या कामी लावता येणार होती. राज्यव्यापी संस्थेला जुळ्या शहरांत तिसरी वारंवारता हवी होती. दोन संस्थांच्या गरजा जुळल्या. या हिशेबात जागा मिळाली नाही ती तिसऱ्या पक्षाला, म्हणजे श्रोत्यांना.

एक आवाज मावळला, दुसरा उगवला

हस्तांतरानंतर ‘डब्ल्यूसीएएल’ हे नाव ८९.३ वरून नाहीसे झाले. २४ जानेवारी २००५ रोजी त्याच वारंवारतेवर ‘द करंट’ ही नवी सेवा सुरू झाली. तिच्यावर वाजलेले पहिले गाणे मिनीॲपोलिसमधील ‘ॲटमॉस्फिअर’ या हिपहॉप जोडीचे होते. ही निवड बोलकी होती. व्यापारी केंद्रे ज्यांना जागा देत नाहीत असे नवे गायक, स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थांचे संगीत आणि विशेषतः मिनेसोटातील कलावंत यांना वाव देणे हा नव्या सेवेचा उद्देश होता. विक्रीत दक्षिण मिनेसोटातील रॉचेस्टर परिसरासाठीचे ८८.७ मेगाहर्ट्झचे केंद्रही समाविष्ट होते. तेथेही हीच सेवा ऐकू येऊ लागली.

या बदलाकडे दोन बाजूंनी पाहता येते. अभिजात संगीताचे एक केंद्र राज्यव्यापी संस्थेकडे आधीच होते. तेव्हा एकाच शहरात सारखेच संगीत दोन सार्वजनिक केंद्रांनी वाजविण्यापेक्षा त्यातील एक वारंवारता तरुण श्रोत्यांसाठी वापरणे अधिक सयुक्तिक, असा युक्तिवाद करता येतो. ‘द करंट’ने तो काही अंशी खराही करून दाखविला. सार्वजनिक नभोवाणीपासून दूर असलेला तरुण वर्ग तिच्याशी जोडला गेला आणि मिनेसोटातील अनेक वाद्यवृंदांना हक्काचे व्यासपीठ मिळाले. एप्रिल २०१६ मध्ये मिनीॲपोलिसचा जगद्विख्यात गायक प्रिन्स याचे निधन झाले, तेव्हा या केंद्राने इतर सर्व संगीत बाजूला ठेवून दीर्घकाळ केवळ त्याचीच गाणी वाजविली आणि शोकाकुल शहराने त्याच केंद्राभोवती कान एकवटले. स्थानिकतेचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दोन केंद्रे एकाच प्रकारचे संगीत वाजवीत असली, तरी त्यांची निवड सारखी नसते. महाविद्यालयाच्या केंद्रावरून समूहगायन आणि भक्तिसंगीत यांना मिळणारे स्थान, परिसरातील गायनवृंदांची दखल, रविवारची प्रार्थना या गोष्टी राज्यव्यापी सेवेच्या सर्वसाधारण आराखड्यात तशाच बसणाऱ्या नव्हत्या. ‘सिंग फॉर जॉय’ हा भक्तिसंगीताचा साप्ताहिक कार्यक्रम सेंट ओलाफने पुढेही चालू ठेवला आणि तो अन्य केंद्रांमार्फत ऐकविला जाऊ लागला. पण एक कार्यक्रम टिकणे आणि एक केंद्र टिकणे यांत अंतर आहे. शिवाय ज्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी दिली तो ज्येष्ठ श्रोता आणि ज्याला नवी सेवा मिळाली तो तरुण श्रोता या दोन भिन्न व्यक्ती होत्या. एकाने लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्याला मिळाली, एवढाच हा मामला नव्हता. झाड लावणाऱ्याला विचारलेच गेले नाही, ही खरी तक्रार होती.

कायद्याच्या दोन दृष्टी

विक्रीविरोधी श्रोत्यांनी ‘सेव्ह डब्ल्यूसीएएल’ या नावाने एकत्र येऊन दोन दारे ठोठावली. पहिले दार होते केंद्रीय दळणवळण आयोगाचे. परवाना एका संस्थेकडून दुसरीकडे जाताना या आयोगाची संमती लागते. मात्र आयोग पाहतो तो नव्या परवानाधारकाची पात्रता. केंद्रावरून कोणते संगीत वाजेल, याचा विचार तो करीत नाही. न्यूयॉर्कमधील ‘डब्ल्यूएनसीएन’ या अभिजात संगीताच्या केंद्राच्या श्रोतृसंघाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. १९८१ मध्ये न्यायालयाने आयोगाचे धोरण उचलून धरले. कार्यक्रमांचे स्वरूप ठरविणे श्रोतृवर्गाची मागणी आणि बाजार यांवर सोडावे, ही आयोगाची भूमिका कायद्याशी विसंगत नसल्याचा निर्वाळा त्या निकालाने दिला. त्यामुळे आवडते केंद्र बदलते म्हणून दाद मागणाऱ्या श्रोत्यासाठी आयोगाचे दार जवळजवळ बंदच असते.

दुसरे दार राज्याच्या विश्वस्त कायद्याचे होते. एखाद्या निश्चित सार्वजनिक हेतूसाठी लोकांकडून पैसा गोळा केला आणि त्यातून मालमत्ता उभी राहिली, तर ती मालमत्ता धारण करणारी संस्था तिची निव्वळ मालक राहत नाही. ती विश्वस्त ठरते. अशी मालमत्ता विकायची किंवा तिचा हेतू बदलायचा, तर न्यायालयाची पूर्वसंमती आवश्यक असते. श्रोत्यांचा मुद्दा नेमका हाच होता. देणग्या महाविद्यालयाला नव्हे, तर केंद्रासाठी दिल्या होत्या, असे त्यांचे म्हणणे होते.

२००८ मध्ये मिनेसोटातील राइस काउंटीच्या जिल्हा न्यायालयाने या युक्तिवादाचा गाभा मान्य केला. ‘डब्ल्यूसीएएल’ ही धर्मादाय विश्वस्त मालमत्ता होती आणि ती विकण्यापूर्वी महाविद्यालयाने न्यायालयाची संमती घ्यावयास हवी होती, असा निष्कर्ष न्यायाधीशांनी काढला. तत्त्व श्रोत्यांच्या बाजूने लागले, पण केंद्र परत आले नाही. तोपर्यंत नव्या सेवेला तीन वर्षे उलटून गेली होती, तिचा स्वतःचा श्रोतृवर्ग तयार झाला होता आणि ८९.३ वर ‘द करंट’ चालू राहिली.

या निकालाचे महत्त्व त्याच्या तात्कालिक परिणामापेक्षा मोठे आहे. नियामक आयोगाच्या लेखी श्रोता हा केवळ ऐकणारा असतो. विश्वस्त कायद्याच्या लेखी तोच श्रोता देणगीदार असतो आणि देणगीदाराच्या हेतूला किंमत असते. एकाच केंद्राकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत आणि कोणती लागू करायची, हा वाद विक्रीनंतर सुरू झाला तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

सामील होण्याच्या अनेक वाटा

स्थानिक केंद्राने मोठ्या जाळ्यात सामील होण्याचा अर्थ दरवेळी विक्री असाच नसतो. विस्कॉन्सिन राज्यात सरकारने स्वतःच पुढाकार घेतला. मॅडिसन येथील विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूएचए’ या जुन्या केंद्राच्या आधारावर १९४७ पासून राज्यभर एफएम केंद्रांची मालिका उभारण्यात आली. तेथे जाळे सार्वजनिक पैशातून विणले गेले, त्यामुळे मालकीचा प्रश्न या स्वरूपात उद्भवला नाही.

जॉर्जिया राज्यात २०१४ मध्ये वेगळाच प्रकार घडला. अटलांटातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे ‘डब्ल्यूआरएएस’ हे विद्यार्थ्यांनी चालविलेले, एक लाख वॅट क्षमतेचे केंद्र होते. विद्यापीठाने ‘जॉर्जिया पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ या राज्यसंस्थेशी करार करून पहाटे पाचपासून सायंकाळी सातपर्यंतचे तास तिच्याकडे दिले. परवाना विद्यापीठाकडेच राहिला, विद्यार्थ्यांना रात्र आणि इंटरनेटवरील प्रसारण मिळाले. राज्यसंस्थेला राजधानीत आवाज मिळाला, हे खरे. पण करार जाहीर झाला तो मे महिन्यात, म्हणजे सत्र संपून विद्यार्थी पांगत असताना. त्यावर विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. तेथेही विरोधाचा रोख जाळ्यापेक्षा निर्णयाच्या रीतीवर अधिक होता.

तिसरी वाट खुद्द मिनेसोटातच आहे. तेथील स्वतंत्र सामुदायिक आणि शैक्षणिक केंद्रांनी १९७२ मध्ये ‘अँपर्स’ हा संघ स्थापन केला. सदस्य केंद्रे आपापला परवाना, आपले संचालक मंडळ आणि आपली कार्यक्रमपत्रिका राखून असतात. काही कार्यक्रमांची देवाणघेवाण आणि सरकारी अनुदानासाठीची बाजू मांडणे एवढेच ती एकत्र करतात. ७७० किलोहर्ट्झवर एकेकाळी ‘डब्ल्यूसीएएल’चे शेजारी असलेले ‘केयूओएम’ हे केंद्र या संघात आहे. १९९३ पासून ‘रेडिओ के’ या नावाने ते विद्यार्थ्यांच्या सहभागातून चालते. एकाच वारंवारतेवर वाढलेल्या दोन महाविद्यालयीन केंद्रांपैकी एक जाळ्यात विलीन झाले, दुसरे संघात राहून स्वतंत्र उरले.

नोव्हेंबर २००८ मध्ये मिनेसोटाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकरात तीन-अष्टमांश टक्क्याची वाढ २५ वर्षांसाठी मंजूर केली. पाणी, जमीन आणि वन्यजीवांचे रक्षण यांबरोबरच कला व सांस्कृतिक वारशासाठी हा निधी आहे. त्यातून राज्यव्यापी संस्था आणि स्वतंत्र केंद्रांचा संघ, दोघांनाही साहाय्य मिळाले. मोठे जाळे आणि छोटी केंद्रे एकमेकांच्या शेजारी नांदू शकतात, याचा हा पुरावा होय. त्यासाठी छोट्यांच्या वाट्याचा निधी वेगळा राखून ठेवावा लागतो.

भारतातील चित्र

भारतात आकाशवाणीची केंद्रे १९९७ पासून प्रसार भारती या वैधानिक महामंडळाच्या अखत्यारीत आहेत. ती विकली जाण्याचा प्रश्न नाही, पण केंद्रीकरणाचा प्रश्न आहेच. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रातील प्रादेशिक वृत्तविभागाचे काम छत्रपती संभाजीनगरला हलविण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा पुण्यातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या आणि त्या निर्णयाला स्थगिती देण्यात आली. पुण्याच्या श्रोत्याने केंद्राला थेट वर्गणी दिलेली नव्हती. तरीही सकाळच्या बातम्यांवर त्याचा हक्क आहे, ही भावना नॉर्थफील्डच्या श्रोत्याइतकीच प्रबळ होती.

शैक्षणिक आणि स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्याची मुभा भारतात अनुक्रमे २००२ आणि २००६ मधील धोरणांनी मिळाली. त्यांचा परवाना हस्तांतरणीय नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेने छोटे केंद्र विकत घेण्याचा धोका उरत नाही. मात्र चालविणारी संस्थाच थकली, तर केंद्र दुसऱ्याकडे सोपवून वाचविण्याचा मार्गही बंद राहतो. संरक्षण आणि अडचण ही एकाच नियमाची दोन अंगे आहेत.

निधी आटल्यावर

अमेरिकेत हा विषय २०२५ पासून अधिक तातडीचा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १ अब्ज १० कोटी डॉलर परत घेतले आणि पुढच्याच महिन्यात ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ने आपले काम आवरते घेत असल्याची घोषणा केली. मोठ्या शहरांतील केंद्रांचा बराचसा खर्च वर्गणीदार आणि दानशूर उचलतात. ग्रामीण भागातील छोट्या केंद्रांच्या अंदाजपत्रकात सरकारी अनुदानाचे प्रमाण कितीतरी मोठे होते. अशा केंद्रांपुढे आता बंद पडणे किंवा कोणत्यातरी मोठ्या संस्थेचा आधार घेणे, असे मोजकेच पर्याय उरतात.

विलीनीकरण टाळणे प्रत्येक वेळी शक्य नसते आणि प्रत्येक वेळी इष्टही नसते. एकट्या केंद्राला वार्ताहर ठेवणे, यंत्रसामग्री नवी करणे, इंटरनेटवर उपस्थिती राखणे परवडत नाही. जाळ्यात गेल्यावर राज्याच्या राजधानीतील घडामोडींची भरवशाची बातमी छोट्या गावातही ऐकू येते. कॉलेजव्हिलच्या केंद्राने एकटे राहण्याचा हट्ट धरला असता, तर मिनेसोटाला ही संस्था लाभलीच नसती.

‘डब्ल्यूसीएएल’चा अनुभव सांगतो तो सावधगिरीचा क्रम. परवाना हस्तांतरित होण्याआधी काही गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत. दिवसाचे किती तास स्थानिक कार्यक्रमांना राहतील, गावात वार्ताहर असेल की नाही, जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह कोणाकडे जाईल, केंद्राच्या नावाने मिळालेल्या देणग्यांचा विनियोग कसा होईल आणि भविष्यात मोठ्या संस्थेलाच ते केंद्र नकोसे झाले तर ते परत घेण्याचा पहिला अधिकार कोणाला असेल, हे ते प्रश्न आहेत. या प्रश्नांची चर्चा श्रोत्यांसमोर, विक्रीच्या घोषणेपूर्वी झाली, तर अनेक कडू प्रसंग टळू शकतात. न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले तेही वेगळ्या शब्दांत हेच होते. ज्यांच्या पैशावर केंद्र उभे राहिले, त्यांच्या हेतूची दखल व्यवहारापूर्वी घ्यायला हवी होती. नॉर्थफील्डच्या श्रोत्यांना ते मान्य झाल्याचे समाधान मिळाले, पण तोवर ८९.३ वर दुसरेच सूर वाजू लागले होते.